चार लाल बटणं, पाच चिंचोके: घरी तर्कशास्त्र आणि वक्तृत्व शिकवायला फुकट काय मिळतं

“आई, पाऊस लागला तर क्लासला सुट्टी, असं तू म्हणालीस. पाऊस नाही लागला तर जायचंच, असं कुठे म्हणालीस?”

गेल्या वर्षीचा जुलै. थोरली दप्तर घेऊन दारात उभी, वय तेरा. मला साडेनऊला पतसंस्थेत हजर व्हायचं होतं, म्हणून “उलट बोलू नकोस, नीघ” म्हणत तिला पिटाळलं. रिक्षात बसल्यावर जीव चुटपुटत राहिला, कारण पोरीचं बरोबर होतं. ‘जर-तर’चं विधान एकाच बाजूनं बांधलेलं असतं. पाऊस आला तर काय, एवढंच मी सांगितलं होतं. न आला तर काय, याबद्दल माझ्या तोंडून अक्षरही निघालं नव्हतं. आणि हे मला कळायलाच हवं होतं. अकरावी-बारावीला आर्ट्‌सला माझा तर्कशास्त्र हा विषय होता. मार्क मिळतात म्हणून सगळ्या घ्यायच्या, मीही घेतला आणि त्यात रमले. त्या दोन वर्षांइतका अभ्यासातला आनंद मला पुढे बी.ए.ला कधी मिळाला नाही.

ती पुस्तकं आणि माझ्या वह्या तळमजल्यावरच्या लोखंडी ट्रंकेत होत्या. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं त्यात ट्रंक तीन दिवस चिखलात राहिली. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं, तेव्हा तिथून काही मिळवावं तर तीही वाट अवघड. म्हणून मी फुकट मिळणाऱ्या गोष्टी शोधायला लागले. वर्षभरात बऱ्याच उघडल्या, काही अर्ध्यावर सोडल्या, थोड्या घरात रुजल्या. कुणाला उपयोग होईल म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

माझ्या अटी साध्या होत्या. मोबाइलवर उतरवून ठेवता आलं पाहिजे, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. कार्डाचा नंबर मागता कामा नये. एका ॲपनं ‘सात दिवस मोफत’ म्हणून नंबर घेतला आणि आठव्या दिवशी माझे 499 रुपये गेले; ते परत मिळवायला दीड महिना लागला. तिसरी अट मला नंतर कळली आणि तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली: मुलाच्या हाताला किंवा तोंडाला काम मिळालं पाहिजे. नुसतं बघण्या-वाचण्याचं जे जे आणलं, ते आठवड्यात बाजूला पडलं.

सुरुवात बालभारतीपासून करा. अकरावी आणि बारावीची ‘तर्कशास्त्र’ ही दोन्ही पाठ्यपुस्तकं मराठीत, पीडीएफ स्वरूपात, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पुष्कळ पालकांना हे ठाऊकच नसतं, कारण विज्ञान-वाणिज्यवाल्या घरांत हा विषय कधी येतच नाही. युक्तिवाद म्हणजे काय, आधारविधान कोणतं, निष्कर्ष कोणता, विधान आणि नुसतं वाक्य यांत फरक काय, हे सगळं तिथे सरळ मराठीत आहे. पुढे सत्यता-कोष्टकं येतात. जुलैतला आमचा वाद त्या कोष्टकात चार ओळींत मिटला. पाऊस खरा, सुट्टी खरी. पाऊस खरा, सुट्टी खोटी. आणि पाऊस खोटा असलेल्या खालच्या दोन ओळी. मी दिलेला शब्द चारांपैकी फक्त दुसऱ्या ओळीत मोडतो. थोरलीनं त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि वही माझ्यापुढे धरली. मी तिची माफी मागितली.

या पुस्तकांची उणीव म्हणजे ती परीक्षेसाठी बांधलेली आहेत. चिन्हं लवकर येतात आणि रोजच्या जगण्यातली उदाहरणं थोडी आहेत. तेरा वर्षांच्या मुलीला एकटीनं वाचायला देऊ नका. आईनं किंवा बाबांनी आदल्या रात्री दोन पानं वाचावीत, पुस्तक मिटावं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या तोंडानं सांगावं. मराठी विश्वकोशातली ‘तर्कशास्त्र’ ही नोंदही फुकट वाचता येते, पण ती मोठ्यांसाठी आहे. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी स्वतः ‘तर्कतीर्थ’, त्यामुळे या विषयाला तिथे मान आहे आणि भाषाही त्याच तोलामोलाची आहे. एखाद्या संज्ञेला मराठी शब्द अडला की मी तिथे जाते.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या वस्तूकडे येते. लुइस कॅरॉल हे नाव मुलांना ‘ॲलिस’मुळे माहीत असतं, पण हा माणूस ऑक्सफर्डला गणित शिकवायचा आणि त्यानं मुलांसाठी तर्कशास्त्राचा एक खेळ बनवला होता. ‘द गेम ऑफ लॉजिक’ हे ते छोटं पुस्तक, 1880 च्या दशकातलं, आता प्रताधिकारमुक्त. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तिथल्या आकृत्या अक्षरं आणि रेघा जुळवून काढलेल्या असल्यामुळे मोबाइलवर विस्कटतात. इंटरनेट आर्काइव्हवर मूळ छापील पानांचं स्कॅन आहे, आकृत्यांसाठी ते घ्या.

खेळाला लागतात नऊ सोंगट्या, चार लाल आणि पाच करड्या. आमच्याकडे शिवणाच्या डब्यातून चार लाल बटणं निघाली आणि करड्यांच्या जागी पाच चिंचोके आले. पट मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखला: एक मोठा चौकोन, त्याचे चार घरांत भाग आणि मधोमध एक छोटा चौकोन, जो चारही घरांतून थोडा थोडा तुकडा घेतो. असे आठ कप्पे होतात. लाल सोंगटी म्हणजे ‘इथे काहीतरी आहे’, करडी म्हणजे ‘हे घर रिकामं आहे’. नियम एवढेच.

कॅरॉल केकची उदाहरणं देतो. आम्ही आंबे घेतले. वरचा अर्धा भाग हापूसचा, खालचा बाकीच्या जातींचा. डावी बाजू गोड, उजवी बाजू गोड नसलेले. मधला छोटा चौकोन कच्च्या आंब्यांचा, त्याच्या बाहेर पिकलेले. आता पहिलं विधान: एकही कच्चा आंबा गोड नसतो. म्हणजे मधल्या चौकोनाच्या डाव्या बाजूचे दोन्ही कप्पे रिकामे, तिथे दोन चिंचोके. दुसरं विधान: काही हापूस कच्चे आहेत. म्हणजे मधल्या चौकोनाच्या वरच्या भागात कुठेतरी लाल बटण हवं. तिथे कप्पे दोन, त्यांतल्या डाव्यात चिंचोका बसलेला. मग बटण जाणार कुठे? उजवीकडेच. आता वरून नुसतं बघा: वर उजवीकडे, म्हणजे गोड नसलेल्या हापूसच्या घरात, काहीतरी आहे. काही हापूस गोड नसतात. निष्कर्ष कुणी सांगावा लागत नाही, बटण जाऊन बसतं तिथेच तो दिसतो.

धाकटा नऊ वर्षांचा आहे. सही करण्यापलीकडे पेन धरायचा त्याला कंटाळा, पण या पटावर तो ताईच्या बरोबरीनं बसतो. पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं, “आणि चिंचोका आधी नसता तर बटण कुठे ठेवायचं?” यालाही कॅरॉलकडे उत्तर आहे: दोन घरांच्या मधल्या रेघेवर. काहीतरी आहे, पण कुठल्या घरात ते अजून माहीत नाही. रेघेवरचं ते बटण आता आमच्या घरात बोलण्यात आलंय. शेजारच्या काकूंकडे पाहुणे आलेत की भांडण चाललंय, असा प्रश्न निघाला की धाकटा म्हणतो, “रेघेवर ठेव.” मोठ्या माणसांनाही माहीत नसलेलं ‘माहीत नाही’ म्हणून ठेवता येत नाही, याला ते नवव्या वर्षी येतंय.

एक ठिकाण जपून चाला. कॅरॉलच्या हिशेबात ‘सगळे हापूस गोड असतात’ म्हटलं की हापूस आहेत हे धरलेलं असतं, म्हणून तिथे लाल बटणही ठेवायचं. आजचं तर्कशास्त्र असं धरत नाही. माझ्याकडे एकही मोर नसेल तर ‘माझे सगळे मोर निळे आहेत’ हे विधान आजच्या रीतीनं खोटं ठरत नाही. पुढे बारावीचं पुस्तक हाती घेतल्यावर गोंधळ नको, म्हणून हे मी आधीच सांगून टाकलं. थोरलीला नसलेल्या मोरांची ही गंमत इतकी आवडली की दोन दिवस तिनं शेजारच्या मुलांना छळलं.

या खेळाला मी पाचपैकी पाच देते. खर्च शून्य, वीज नको, नेटवर्क नको आणि दोन वेगळ्या वयांची मुलं एकत्र बसतात. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, तेवढं मोठ्यांनी आधी वाचून घ्यावं लागतं.

दुसरा मोठा ठेवा संस्कृतातला. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’, सतराव्या शतकातला. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपा आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना व इंग्रजी भाषांतर असलेली आवृत्ती 1897 साली मुंबईच्या संस्कृत मालिकेत निघाली. तिचं स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. पहिल्याच श्लोकात ग्रंथकार सांगतो की बालांना सुखानं बोध व्हावा म्हणून हा ग्रंथ केला. टीकाकार लगेच जोडतात की इथे बाल म्हणजे दूधपितं मूल नव्हे, ग्रहण करून लक्षात ठेवू शकणारा विद्यार्थी. माझं संस्कृत दहावीपर्यंतचं, तेव्हा त्या अर्थानं आमच्या घरातली बाल मीच. सगळा ग्रंथ मुलांसाठी नाही. पहिला पदार्थांचा, म्हणजे जगात काय काय आहे त्याच्या वर्गवारीचा, भाग मी सोडून दिला आणि थेट अनुमानावर गेले.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे शेकडो वर्षांचं उदाहरण कोकणात राहणाऱ्याला परकं वाटूच शकत नाही. पावसाआधी राब भाजतात तेव्हा परशुरामाच्या डोंगरावर धूर आमच्या गच्चीवरून दिसतो. दुसऱ्याला पटवायचं तर न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, पाच पायऱ्या सांगतं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून तिथे आग आहे. मुलं हे गच्चीवर उभी राहून, डोंगराकडे बोट दाखवत, घसा ताणून म्हणतात.

मग थोरलीनं अडवलं. “स्वयंपाकघरात कुठे धूर असतो? गॅस आहे आपल्याकडे.” नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, हेच उलट अंगानं विचारून ठेवलं आहे. धुरावरून आग ओळखता येते, आगीवरून धूर ओळखता येत नाही. त्यांचं उदाहरण तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं: आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला ओल्या लाकडाची अट मध्ये असते, आणि त्या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. सासूबाई मागच्या पडवीत बंब पेटवतात. श्रावणातली ओली ढलपी घातली की डोळे झोंबतात, मार्चमधल्या वाळक्या करवंट्यांचा त्रास नाही. आम्ही तिघं बंबापुढे बसून ‘उपाधी’ शिकलो. सासूबाई म्हणाल्या, “हे मला ठाऊक होतं, त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं.” आणि जुलैतला आमचा पाऊस आणि सुट्टी हाही याच घराण्यातला दोष होता, हे त्या दिवशी थोरलीनं आपण होऊन ओळखलं.

हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला, हे प्रकरण तर सोनं आहे. ‘हा आंबा हापूस आहे, कारण गोड आहे.’ गोडी पायरीतही असते, म्हणजे हेतू भलत्याच घरी जातो: सव्यभिचार. ‘डोंगरावर आग आहे, कारण ते बघ धूर’ असं म्हणावं आणि सकाळचं धुकं निघावं, तर मुळात हेतूच नाही: असिद्ध. पावसाळ्यात इथे रोज सकाळी ‘असिद्ध’ दिसतो. एप्रिलमध्ये रस्त्याकडेला पेटीवर ‘देवगड’ लिहिलंय म्हणून आंबा देवगडचा, असं एकानं सांगितलं तेव्हा धाकट्यानं माझा पदर ओढला.

इंग्रजीत तर्कदोषांवर एक सचित्र पुस्तक आहे, अली अलमोसावी यांचं, 2013 सालचं. इंटरनेटवर पूर्ण फुकट वाचता येतं. पानागणिक एक दोष आणि शेजारी जुन्या कोरीव छापांसारखं प्राण्यांचं चित्र. चित्रं फार सुंदर आहेत, थोरलीनं ते एका बैठकीत संपवलं. पण माझा अनुभव सांगते: हे पुस्तक पहिलं देऊ नका. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कुणाला बोलायची सोय राहिली नाही. आजी काही म्हणाली की दोष, बाबा काही म्हणाला की दोष. नावं पाठ झाली होती, पण स्वतःचं म्हणणं काय ते तिला एकदाही मांडता येत नव्हतं.

यावर औषध पुन्हा आपल्याच घरात निघालं. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी दोन्ही बाजू प्रमाणांसह बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी छळकपटही चालवून घेतात तो जल्प. आणि आपली बाजू न मांडता नुसती दुसऱ्याची खोडून काढणं म्हणजे वितंडा. मराठीत आपण वितंडवाद हा शब्द सहज वापरतो, त्याचा अर्थ इतका नेमका आहे हे मला या वयात कळलं. घरात नियम केला: ज्याला दोष काढायचा त्यानं आधी आपली प्रतिज्ञा सांगायची. पहिल्या दिवशी थोरली रडली. दुसऱ्या आठवड्यात तिनं आजीला सांगितलं, “माझं म्हणणं असं आहे की उपवासाला साबुदाणा तुझ्या तब्येतीला बरा नाही, कारण तुझी साखर वाढते.” आजी राजगिऱ्यावर आल्या.

मोठ्यांना स्वतःला नीट शिकायचं असेल तर ‘फॉरऑल एक्स’ हे मुक्त पाठ्यपुस्तक आहे. मूळ पी. डी. मॅग्नस यांचं, कॅलगरी विद्यापीठाची आवृत्ती अधिक भरलेली आणि सोडवायला भरपूर अभ्यास. एनपीटीईएल या आयआयटींच्या व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी कानपूरच्या प्राध्यापकांची इंग्रजीतली व्याख्यानमाला आहे. ऐकणं फुकट, परीक्षेला फी. दोन्ही उत्तम, दोन्ही मुलांसाठी नाहीत. मी रात्री भांडी झाल्यावर ऐकायचे.

वक्तृत्वाचं काम जास्त कठीण गेलं आणि इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. मराठीत ‘वक्तृत्व’ म्हणून शोधलं तर तयार भाषणं मिळतात. शिक्षक दिनाची, पंधरा ऑगस्टची, ‘माझी आई’ची, दहा ओळींची, पाच मिनिटांची. फुकट आहेत आणि ती न मिळती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. थोरलीनं असंच एक पाठ करून एका स्पर्धेत दुसरा नंबर काढला होता. घरी येऊन पुन्हा म्हणून दाखवत असताना धाकट्यानं विचारलं, “ताई, ‘राष्ट्राच्या धमन्यांत चैतन्य’ म्हणजे काय?” तिला सांगता आलं नाही. ढाल टेबलावर होती आणि ती गप्प बसून होती. त्या रात्री मी वक्तृत्वासाठी शोधाशोध सुरू केली.

‘सिल्व्हा र्‍हेटोरिके’ नावाचं एक संकेतस्थळ आहे, अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या गिडियन बर्टन यांनी उभारलेलं. ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्राचा जवळजवळ सगळा संसार तिथे मांडलेला आहे. नावांचं जंगल आहे, शेकडो अलंकार, बहुतेक ग्रीक. त्यात शिरू नका, मी महिना घालवला. फक्त ‘प्रोजिम्नाझ्माटा’ हे पान उघडा. जुन्या काळी मुलांना भाषणाची तयारी करून घेण्यासाठी चौदा चढते अभ्यास असत, त्यांची ती यादी आहे. गोष्ट थोडक्यात सांगा, मग फुलवून सांगा. एक म्हण घ्या आणि तिच्यावर बोला. एखादी गोष्ट पटत नाही असं सिद्ध करा, मग तीच पटते असं सिद्ध करा. शेवटी कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोला.

खंडन-मंडनाचा अभ्यास आम्ही चिऊकाऊच्या गोष्टीवर केला. त्या जुन्या रीतीत खंडनाला ठरलेले प्रश्न आहेत: हे अस्पष्ट आहे का, अविश्वसनीय आहे का, अशक्य आहे का, आपल्याच आधीच्या बोलण्याशी विसंगत आहे का, अनुचित आहे का, निरुपयोगी आहे का. धाकट्यानं खंडन घेतलं. मेणाचं घर उन्हाळ्यातच वितळलं असतं, पावसाळ्यापर्यंत टिकलंच कसं? बाळाला आंघोळ घालायला चिमणीकडे इतका वेळ, मग दार उघडायला का नाही? दारात भिजणाऱ्याला थांबवून ठेवणारी चिऊ चांगली कशी? थोरलीला मंडन: घरात एकटी बाई आणि लहान बाळ, दारात मोठा पक्षी, ती दार उघडायला कचरली तर त्यात वावगं काय? कावळ्यानं शेणाचं घर बांधलं तेव्हा पावसाळा येणार हे त्याला माहीत नव्हतं का? पाऊण तास चाललं. पाठ केलेलं एक वाक्य नव्हतं आणि दोघांचेही आवाज दारापर्यंत पोचत होते. ‘दारापर्यंत आवाज’ ही स्पर्धेच्या परीक्षकांची अट असते, ती आपोआप पुरी झाली.

मोठ्या माणसाचं खरं भाषण कसं बांधलेलं असतं, ते बघायला संविधान सभेच्या चर्चा घ्या. सगळ्या इंटरनेटवर फुकट आहेत. आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण घेतलं; त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. भाषण इंग्रजीत आहे, आम्हाला तीन आठवडे लागले. लोक शेवटचा भाग उद्धृत करतात. मी मुलांना सुरुवातीचा भाग शिकवला, आणि शिकवण्यासाठी तोच जास्त उपयोगी आहे.

आक्षेप होता की संविधानाला फार वेळ लागला. बाबासाहेब आधी इतरांचा वेळ मांडतात: अमेरिकेला चार महिन्यांहून कमी, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. मग सरळ मान्य करतात की आपल्याला अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा जास्त वेळ लागला. नंतर म्हणतात, तुलना करायची तर कामही बघा: आपली कलमं 395, अमेरिकेची सात, कॅनडाची 147, ऑस्ट्रेलियाची 128, दक्षिण आफ्रिकेची 153. शिवाय त्यांना दुरुस्त्यांचा सामना करावा लागला नव्हता, इथे 2,473 दुरुस्त्या सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. थोरलीनं याचं कोष्टक केलं आणि म्हणाली, “आई, विरुद्ध जाणारे आकडे त्यांनी लपवले नाहीत. आधी तेच सांगितले.” ढालीच्या रात्रीनंतर मला हेच वाक्य ऐकायचं होतं.

महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’, 1873 सालची, समग्र वाङ्मयात फुकट मिळते. ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत आहे. दोघांनी दोन भूमिका घेऊन मोठ्यानं वाचायला याहून चांगलं मराठी मला सापडलं नाही. धोंडीबाचे प्रश्न मध्येच झाकून ठेवायचे आणि मुलांनी आपला प्रश्न काढायचा, असाही अभ्यास होतो.

आणि एक साधन इंटरनेटवरचं नाही. चातुर्मासात सासूबाई कीर्तनाला जातात, या वर्षी थोरली बरोबर गेली. बुवांनी एक अभंग घेतला, पूर्वरंगात त्याचं विवरण केलं, मध्यंतरात बुक्का लावला, उत्तररंगात आख्यान लावलं, “तसंच तुमचं-आमचं आहे” म्हणत आख्यान आपल्यावर आणलं आणि शेवटी मूळ अभंगावर येऊन थांबले. रात्री पोळ्या करताना ती हे मला सांगत होती, आणि माझा लाटता हात थांबला. अभंग ही प्रतिज्ञा, विवरण हा हेतू, आख्यान हे उदाहरण, ‘तसंच आपलं’ हा उपनय आणि मूळ अभंगावर परत येणं हे निगमन. गच्चीवरच्या डोंगराच्याच पाच पायऱ्या. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या तीन ओळींच्या अनुमानात उदाहरणाला जागाच नाही, ते वक्तृत्वाच्या पुस्तकात वेगळं शिकवावं लागतं. इथे ते अनुमानाच्या पोटातच आहे. म्हणून मी आता दोन विषय वेगळे शिकवत नाही. थोरली भाषण लिहायला बसली की आधी समासात पाच शब्द उभे लिहिते आणि उदाहरणापुढे सगळ्यात जास्त जागा सोडते.

मुंबई-पुण्यात याचे वर्ग निघाले आहेत, त्यांची फी मी विचारली होती आणि ती आमच्या आवाक्याबाहेरची आहे. आमच्या वर्षभराच्या खर्चात तर्कसंग्रहाच्या चाळीस पानांची झेरॉक्स, एक कार्डशीट आणि तीन वह्या एवढंच धरायचं.

मराठीत कॅरॉलचा खेळ सोप्या शब्दांत सांगणारं काही मला मिळालं नाही, म्हणून मी आंब्यांची उदाहरणं घालून नियम लिहून काढले. अकरा पानं झाली, पट थोरलीनं आखला. मूळ प्रत बसस्टँडजवळच्या आमच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे ठेवली आहे आणि जो मागेल त्याला काढून द्या म्हणून सांगितलं आहे. परवा गेले तेव्हा काकांनी विचारलं की पाचव्या पानावर बटण रेघेवर का ठेवलंय. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही ऐकायला थांबली.